हळदकुंकवाचं रिव्हॉल्व्हर

आज सकाळी बाथरूमच्या खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली पांढरी झालेली दिसली. वरचं बोटभर तेल अजून पातळ आहे, खाली साय धरली आहे. दोन दिवसांनी चमच्याची मागची बाजू घालून कोरावं लागेल. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात थंडी आल्याचं मला टीव्हीवरच्या हवामानवाल्याच्या आधी या बाटलीवरून कळतं. बाहेर शेजाऱ्यांचा मेपल लालभडक झालाय, ड्राइव्हवेवर ओकची फळं टपटप पडतायत, आणि दरवर्षीप्रमाणे माझ्या मनात सगळ्यात आधी आली ती काडतुसं. जड, शिशाची, चपट्या नाकाची काडतुसं.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या मराठी बाईला ऑक्टोबरात काडतुसं आठवावीत हे चारचौघींसारखं नाही, हे मला मान्य आहे. भिशीत मी हा विषय काढला की बाकीच्या हळूच लोणच्याच्या बरणीकडे वळतात. पण ऐंशीच्या दशकातला तो एक ऑक्टोबर माझ्या आयुष्यातून काढला, तर माझ्या संसारातला एक आख्खा खांब निघेल. आणि तो खांब कशावर उभा होता, हे मला खरं तर परवा परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

तेव्हा कॅरी म्हणजे दोन सिग्नल आणि पाइनची झाडं. माधव, माझा नवरा, वर्ध्याचा. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. मी मालवणची; औषधांच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ. लग्नानंतर दोन वर्षं मी त्याला 'अहो' म्हटलं, मग अमेरिकेच्या विमानात कुठेतरी त्याचं 'अरे' झालं. मुक्ता सात वर्षांची होती. दर महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी पहाटे निघून पश्चिमेचे डोंगर गाठायचे, पायात दगड टोचेपर्यंत चालायचं, ही आमची चैन. इतर मराठी मंडळी गणपती बसवायला हॉल शोधत होती तेव्हा आम्ही नकाशे शोधत होतो. डोंगरातला माधव मला फार आवडायचा. ऑफिसात मान खाली घालून बोलणारा माणूस चढावर लागला की शीळ घालायचा.

त्या वर्षीच्या मे महिन्यात तो पळाला. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता त्याचीच परवानगी घेऊन सरळ लिहिते. पायवाटेच्या वळणावर अस्वलाची मादी आणि तिची दोन पिल्लं समोर आली. पिल्लं सरसर झाडावर चढली, मादीने मान खाली घालून फुस्स केलं, आणि माझ्या शेजारचा माधव शेजारी राहिला नाही. उतारावरून त्याच्या बुटांचा आवाज लांब गेला. मी मुक्ताचा हात धरून उभी होते, ते शौर्याने नव्हे. माझी पाचावर धारण बसली होती, पाय उचलतच नव्हते. मादी वळली, पिल्लांना घेऊन निघून गेली. तीस-चाळीस पावलांवरून माधव परत आला. त्याच्या हातात त्याचीच टोपी होती आणि तो ती झटकत होता, झटकतच होता.

गाडीत बसल्यावर तासाभराने मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, "बाबा, यू रॅन."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज आकाश निळं आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं. माधवने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि "हो," म्हणाला. त्यानंतर त्याने डोंगराचं नाव काढलं नाही. शनिवारी तो हिरवळ कापायचा. कापून झालेली हिरवळ पुन्हा कापायचा. मला त्याची कणव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. एकदा मी म्हटलं, "अरे, कुणीही पळालं असतं." तर म्हणाला, "तू नाही पळालीस." माझे पायच उचलत नव्हते असं सांगितलं, तर त्याला ते खरं वाटेना. त्याला अस्वलाची भीती राहिली नव्हती. आपण पुन्हा पळू, ही भीती होती.

जुलैत एक दिवस तो लायब्ररीतून बंदुकांची मासिकं घेऊन आला. माणूस बुडताना हाताला काय लागतं ते धरतो. याने धरली ती निदान वाचायची गोष्ट होती. मग जेवणाच्या टेबलावर आलेख-कागद पसरला. इंजिनिअर माणूस प्रेमातही तक्ता करतो, हा तर जिवाचा प्रश्न. उभ्या रांगेत रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं, आडव्या रांगेत वजन, नळीची लांबी, गोळीचा जोर, पावसात गंजण्याची शक्यता, प्रत्येकाला दहापैकी गुण. सगळ्यात दांडगा फॉर्टी-फोर मॅग्नम पहिला आला. मी वरण वाढता वाढता विचारलं, "याच्यात 'नीलाला झेपेल का' असा रकाना कुठेय?" त्याने वर पाहिलं. मे महिन्यानंतर तो पहिल्यांदा हसला.

तेव्हा आमच्या राज्यात पिस्तूल घ्यायचं तर आधी शेरिफच्या ऑफिसातून परवाना काढावा लागे. तो हातात पडायला ऑगस्ट उजाडला. मग शेजारच्या रॅली शहराच्या पलीकडे एका छोट्या गावातल्या दुकानात गेलो. मासे पकडायचे गळ, कुत्र्याचं खाणं आणि बंदुका, सगळं एकाच छपराखाली. मालकीणबाईंचं नाव डोरोथी. माझ्या आत्याच्या वयाच्या, नाकावर चष्मा, हातात विणकाम.

"कशासाठी हवंय, हनी?"

"अस्वलासाठी," माधव म्हणाला.

"तुमच्या घरी येतं?"

"नाही. आम्हीच त्याच्या घरी जातो."

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. त्यांनी तक्ता पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि आम्हाला दुकानामागच्या मैदानात नेलं. कानाला टोप्या, डोळ्यांना चष्मे. तक्त्यात पहिला आलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत सपशेल आपटला. फॉर्टी-फोरची पहिली गोळी कागदाला लागली नाही, दुसरी त्याहून लांब गेली, आणि तिसरीच्या आधीच माधवचे डोळे मिटायला लागले. बाई म्हणाल्या, "मोठी गोळी हुकली की नुसता मोठा आवाज होतो." मग त्यांनी थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नमचं एक रिव्हॉल्व्हर काढलं. चार इंची नळी, गंज न धरणारं पोलाद, सहा गोळ्या. त्याची खुबी अशी की त्यातच थर्टी-एट स्पेशल नावाची सौम्य काडतुसंही चालतात, म्हणजे सराव हलक्यावर करायचा आणि डोंगरात जड भरायची. पिस्तूल नको, रिव्हॉल्व्हरच घ्या, असंही त्यांनीच सांगितलं. घाबरलेल्या माणसाला कळ, खटका, अडकलेली गोळी हे सगळं आठवत नाही. यात चाप ओढायचा एवढंच.

मी दहा पावलांवरून सहापैकी पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसवल्या. पिपेटने थेंब मोजण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांचा हात हलत नाही. माधवला चार जमल्या, आणि त्या चारीही डोळे उघडे ठेवून. त्याचा चेहरा बघून मला माझ्या पाचांपेक्षा त्याच्या चारांचाच आनंद झाला.

काडतुसांवर मात्र मी वाद घातला आणि जिंकले. माधवला नाकात पोकळी असलेल्या गोळ्या हव्या होत्या, कारण मासिकात त्यांची भलामण होती. मी बाईंना विचारलं, अस्वलाला किती चरबी असते? त्या म्हणाल्या, ऑक्टोबरात चार बोटं, वर दाट केस, खाली जाड हाड. पोकळ नाकाची गोळी आत शिरताच फुलते आणि लवकर थांबते. माणसांच्या वस्तीत ते बरं. इथे आपल्याला खोलवर जायचंय. म्हणून कडक शिशाची, जड, चपट्या नाकाची. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते, झेपेल ते हत्यार आणि खोल जाणारी गोळी. त्याच्याही आधी सांगते, चालताना बोला, टाळ्या वाजवा, खाणं झाडाला उंच टांगा, आणि अस्वलाला पाठ दाखवू नका. हल्ली अस्वलासाठी मिरचीचा फवारा मिळतो, तो तर सगळ्यात आधी घ्या. तेव्हा तो आमच्या दुकानात नव्हता.

निघताना डोरोथीबाईंनी तेलाची चिमुकली बाटली हातावर ठेवली. "साफ केल्यावर एक थेंब. दोन नाही." हे वाक्य त्या मला उद्देशून म्हणाल्या, कारण निगा मी राखणार असं ठरलं होतं. मी मान डोलावली. प्रयोगशाळेत मी लोकांना असलीच वाक्यं ऐकवत असे.

आणि मग आली खंडेनवमी.

माझे वडील मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. खंडेनवमीला त्यांचे पाने, हातोड्या, पक्कड, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं असायचं आणि त्या दिवशी साधा स्क्रूसुद्धा पिळायचा नाही. कॅरीतही मी तो रिवाज सोडला नव्हता. पाटावर माझी पिपेट, माधवची मोजपट्टी, मुक्ताचा कंपास, गाडीची किल्ली. त्या वर्षी खरंखुरं शस्त्र घरात आलं होतं. ते कपाटात ठेवून किल्ली पुजायची, हे मला पटेना. काडतुसांचा डबा कुलपात ठेवला. रिव्हॉल्व्हरची सहाही घरं रिकामी आहेत हे दोनदा बोट घालून पाहिलं आणि ते पाटाच्या मधोमध ठेवलं. परसात मी लावलेला झेंडू फुलला होता. दुसऱ्या दिवशी सोनं म्हणून वाटायला आपट्याऐवजी इथल्या रेडबड नावाच्या झाडाची पानं काढून ठेवली होती. आकार जवळपास तोच. खिरीचा वास घरभर सुटला होता.

त्यात फक्त एक वास खटकत होता. बंदुकीच्या तेलाचा, रॉकेलसारखा. नैवेद्याशेजारी तो मला सोसवेना. मी स्पिरिटने रिव्हॉल्व्हर आतून बाहेरून लख्ख पुसलं आणि मग, आमच्याकडे बिजागरीपासून केसांपर्यंत ज्याने सगळं सुरळीत चालतं, ते खोबरेल घेतलं. एक थेंब नाही, दोन नाही. सणाचा हात तो, सढळच असणार. चापामागे, फिरत्या नळकांड्याच्या खाचांत, घोड्याच्या फटीत, सगळीकडे सोडलं. वर हळदकुंकवाचं बोट. माधवने हात जोडले तेव्हा त्याचे ओठ हलत होते. काय मागितलं ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

खोबरेल शहात्तर फॅरनहाइटच्या, म्हणजे चोवीस सेल्सिअसच्या, खाली गोठायला लागतं, हे मी कॉलेजात असल्यापासून तोंडपाठ म्हणत आले आहे. परीक्षेत लिहिलंय, ज्युनिअर मुलींना शिकवलंय. पण मालवणात मी गोठलेलं खोबरेल कधी पाहिलं नव्हतं आणि कॅरीत आमची बाटली हीटरच्या झरोक्याजवळ असे. डोक्यातलं ज्ञान आणि हातातली सवय यांची माझ्या बाबतीत तोपर्यंत गाठच पडली नव्हती.

त्याच आठवड्यात शनिवारी डोंगरात गेलो. नॅशनल पार्कात तेव्हा भरलेलं हत्यार न्यायला बंदी होती, म्हणून सरकारी राखीव जंगलातली वाट निवडली. आदल्या संध्याकाळी एका केबिनमध्ये उतरलो. घरात मूल, म्हणून रिव्हॉल्व्हर रात्रभर गाडीच्या डिकीत कुलपात होतं. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं, गाडीच्या काचा खरवडाव्या लागल्या. माधवने सहा काडतुसं भरली आणि ते कमरेच्या चामडी म्यानात घातलं. माझ्या पाठपिशवीत थालीपीठं, लसणीची चटणी आणि स्टीलचा डबा.

काय दिवस होता तो! सावलीच्या बाजूची वाट, बुटांखाली कुरकुरणारी पानं, पिवळा, तांबूस, गंजका आणि मध्येच इतका लाल रंग की मुक्ता प्रत्येक पान उचलून खिशात कोंबत होती. थंड हवेत कुजक्या पानांचा आणि ओल्या सालीचा वास. माधव पुढे होता. तो शीळ घालत नव्हता, पण पावलं पूर्वीसारखी पडत होती. मी बोलत होते, टाळ्या वाजवत होते. मग दम लागला आणि बोलायची थांबले.

ओकच्या झाडांखाली ते फळं खात बसलं होतं. एकटं, मोठं, चरबीने तुकतुकीत. आमच्यात पंधरा पावलं असतील. ते उठलं, दात वाजवले, आणि दोन उड्यांत अंतर निम्मं करून थबकलं. मला समोर माधवची पाठ दिसत होती. त्याचा उजवा हात कमरेकडे गेला, वर आला. मी आवाजाची वाट पाहत मुक्ताचे कान दाबले.

आवाज झाला नाही.

"मागे राहा," तो मागे न बघता म्हणाला. "पळू नका." मग त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले, जागच्या जागी उभा राहिला आणि वर्ध्याला बागेत शिरलेल्या ढोरांना हाकलावं तसा ओरडला, "हाऽट! चल! निघ इथून! चल म्हणतो ना!" माझ्याही हातापायांत एकदम जीव आला. डबा काढून झाकणाने बडवायला लागले. अस्वलाने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे, नाकातून फुरफुरलं आणि काही घाई नसल्यासारखं झाडीत निघून गेलं.

माधव बराच वेळ तसाच उभा होता. मुक्ता पुढे गेली आणि तिने त्याच्या जाकिटाचं टोक धरलं.

"बाबा, यू डिडन्ट रन."

त्याने "हो," म्हटलं. मे महिन्यातलाच शब्द, पण तो म्हणायला त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं.

ही गोष्ट आमच्या घरात आणि ओळखीपाळखीत फार चालली. मराठी मंडळाच्या सहलीत, मुक्ताच्या शाळेत, पुढे तिच्या लग्नातसुद्धा. गोष्टीचा मुद्दा ठरलेला, बाबांच्या हातात भरलेलं हत्यार होतं आणि तरी बाबांनी गोळी झाडली नाही. काय संयम! लोक वाहवा करायचे तेव्हा माधव चहा ओतायला उठायचा. विनय म्हणायचा तो हाच, असं सगळ्यांना वाटे.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. घरी परत आल्यावर दुसऱ्या दिवशी, कधी नव्हे ते, माधवने रिव्हॉल्व्हर स्वतः साफ केलं. धुवायच्या कपड्यांत मला त्याचं फडकं सापडलं. त्याला खोबरेलाचा वास येत होता, कडेला हळदीचा पिवळा डाग होता. ते हातात धरून मी वॉशिंग मशीनसमोर उभी राहिले आणि शहात्तर फॅरनहाइट हा आकडा पहिल्यांदा माझ्या डोक्यातून माझ्या हातात उतरला. मी रडले. मी माझ्या नवऱ्याला आणि मुलीला गोठलेल्या तेलात अडकलेलं रिव्हॉल्व्हर, म्हणजे साबणाची वडीच, देऊन अस्वलासमोर उभं केलं होतं. डोरोथीबाईंचं तेल कपाटात पुढच्या रांगेत आणलं आणि पुन्हा कधी विसरले नाही. पुढे वीस वर्षं ते रिव्हॉल्व्हर आमच्याबरोबर डोंगर चढलं, सरावाखेरीज एकदाही उडालं नाही, आणि दर खंडेनवमीला कुंकवाच्या एका टिकलीवर समाधान मानत आलं. पण माधवला मी विचारलं नाही. त्याला ते केव्हा कळलं? नंतर, साफ करताना? मग तो हातात चालतं हत्यार आहे या भरवशावर उभा राहिला होता, आणि त्याचा तो भरवसा मोडायची माझी छाती नव्हती.

परवा मुक्ताचा फोन आला. ती आता कोलोरॅडोत राहते, एकटी डोंगरात जाते. "आई, फवारा तर घेतलाय. तुमच्याकडे कुठलं रिव्हॉल्व्हर होतं गं? आणि बाबांची ती स्टोरी मी इथे सगळ्यांना सांगितली." स्पीकर सुरू होता. माधव चहा ओतायला उठला, आणि घरात आम्ही दोघंच असूनही उठला, तेव्हा माझ्याच्याने राहवेना. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "माधव, त्यात खोबरेल मी घातलं होतं."

"माहितीये."

"केव्हा कळलं तुला? साफ करताना?"

त्याने कपात साखर घातली, ढवळली. डॉक्टरांनी बंद केलेली साखर, पण मी अडवलं नाही.

"अस्वल समोर असताना," तो म्हणाला. "जमिनीत एक गोळी झाडून घाबरवावं म्हणून चाप ओढला. हललाच नाही. पुन्हा ओढला."

म्हणजे ते दोन्ही हात वर गेले तेव्हा त्याच्या हातात चालणारं काहीच नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीस?"

"तू रडली असतीस. आणि दुसरं..." त्याने चमचा बशीत ठेवला. "नीला, ते चाललं असतं ना, तर मला कधीच कळलं नसतं, मी उभा राहिलो का ते रिव्हॉल्व्हर. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. लोक संयम म्हणायचे तेव्हा लाज वाटायची, कारण झाडणारच होतो मी. पण पाटावर हात जोडले होते, तेव्हा मी नीट नेम मागितला नव्हता गं. पाय जागेवर राहू देत, एवढंच मागितलं होतं."

आज सकाळी ती पांढरी बाटली मी मागच्या अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवली. दुपारपर्यंत तेल पातळ झालं. माधवला पायरीवर बसवलं, तळव्यावर भरपूर ओतून घेतलं आणि त्याच्या गुडघ्यांना चोळायला लागले. तो म्हणाला, "अगं, एक थेंब." मी म्हटलं, "गप्प बस."